यंत्रांचा वैद्य जॉर्ज स्टीफन्सन

आगगाडीचा जनक म्हणून जॉर्ज स्टीफन्सनचे नाव शाळेच्या पुस्तकांपासून आपल्या परिचयाचे आहे. प्रत्यक्षात रुळांवर धावणारे पहिले वाफेचे इंजिन त्याने बनवलेले नव्हते. रिचर्ड ट्रेव्हिथिक या कल्पक अभियंत्याने १८०४ सालीच वेल्समधील एका लोखंडाच्या कारखान्याच्या मार्गावर असे इंजिन चालवून दाखवले होते. पण त्याच्या वजनाने बिडाचे रूळ तुटू लागले आणि थोड्याच दिवसांत तो प्रयोग सोडून द्यावा लागला. ट्रेव्हिथिकपाशी प्रतिभा होती, यात शंका नाही. स्टीफन्सनपाशी जे होते ते वेगळ्या जातीचे होते. इंजिन आज चालले तर ते उद्या, परवा आणि ऐन थंडीतल्या पहाटेसुद्धा चालले पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. कारण वयाची तिशी उलटेपर्यंत त्याचे पोटच त्यावर अवलंबून होते. कोळशाच्या खाणीतील यंत्रे राखणारा, ती बिघडली की दुरुस्त करणारा तो कामगार होता. आजच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर मेन्टेनन्स खात्यातला माणूस. त्याच्या चरित्राचा हा पूर्वार्ध आगगाडीच्या धुरात बहुधा झाकला जातो.

इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नदीच्या काठी, न्यूकॅसल शहरापासून जवळच वायलम नावाचे खेडे आहे. तेथे ९ जून १७८१ रोजी जॉर्जचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हे खाणीतील पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे फायरमन. आठवड्याची मजुरी १२ शिलिंग. आई मेबल. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या घरात ते राहत त्यात चार कुटुंबांची बिऱ्हाडे होती आणि स्टीफन्सन कुटुंबाच्या वाट्याला एकच खोली आली होती. चाळीत वाढलेल्या वाचकांना हे चित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. दारासमोरून लाकडी रुळांची वाट जात असे आणि तिच्यावरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढून नेत. शाळेचा प्रश्नच नव्हता. गाई राखणे, कोळशातले दगड वेचणे, रहाटाचा घोडा हाकणे अशी कामे करीत जॉर्ज वाढला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या हाताखाली दिवसाला एक शिलिंग मजुरीवर सहायक फायरमन झाला.

त्या काळातील खाणींत कोळशाइतकेच महत्त्व पाण्याला होते. खोल खणत गेले की पाणी झिरपून साचे, आणि ते सतत उपसले नाही तर खाण बुडे. उपसा थांबला की शेकडो माणसांचा रोजगार थांबला, असा रोकडा हिशेब होता. हे काम करणारी इंजिने न्यूकोमेनच्या धर्तीची होती. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग थंड पाण्याचा फवारा सोडून ती निववायची. आत पोकळी निर्माण झाली की बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो आणि मोठ्या तुळईच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले पंपाचे दांडे वर उचलले जातात. यंत्र अवाढव्य, कोळसा खाणारे आणि सदैव कुरकुरणारे. त्याची नाडी ओळखणारा माणूस जवळ असल्याखेरीज त्याचा भरवसा नसे.

सतराव्या वर्षी न्यूबर्नजवळच्या खाणीत जॉर्जला प्लगमनचे काम मिळाले. वडील त्याच ठिकाणी फायरमन होते. म्हणजे मुलाचा हुद्दा बापाच्या वर गेला. खाणीतले पाणी खाली गेले की पंपाच्या नळाची छिद्रे उघडी पडत आणि पंप पाणी ओढेनासा होई. अशा वेळी खाली उतरून ती छिद्रे बुजवणे, इंजिनावर नजर ठेवणे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा बिघाड झाला तर खाणीच्या मुख्य मेकॅनिकला बोलावणे एवढेच प्लगमनकडून अपेक्षित होते. जॉर्जला मुख्य मेकॅनिकला बोलावणे आवडत नसावे. काम थांबले की बरोबरीचे लोक गुत्त्याकडे वळत, तेव्हा तो इंजिन उघडून बसे. एकेक भाग सुटा करायचा, पुसायचा, तो कशासाठी आहे हे पाहायचे आणि पुन्हा जिथल्या तिथे बसवायचा. पुस्तकातून हे ज्ञान मिळवण्याचा मार्ग त्याला बंद होता. अठराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळखच नव्हती.

बोल्टन आणि वॅट यांच्या इंजिनांची वर्णने पुस्तकांत छापलेली आहेत असे कळल्यावर ही उणीव त्याला बोचू लागली. आठवड्याला तीन पेन्स देऊन तो रात्रीच्या शाळेत जाऊ लागला. एकोणिसाव्या वर्षी स्वतःचे नाव लिहिण्यापर्यंत त्याची मजल गेली. पुढे दुसऱ्या शिक्षकाकडे त्याने अंकगणित उचलले. भट्टीशेजारी बसल्या बसल्या पाटीवर गणिते सोडवायची आणि संध्याकाळी तपासायला द्यायची, असा त्याचा क्रम होता. या हकीकती बव्हंशी सॅम्युएल स्माइल्स यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून आल्या आहेत. स्माइल्स हे कष्टाचे फळ गोड असते हे पटवून देणारे लेखक. त्यामुळे त्यांच्या चित्रात रंग थोडे गडद आहेत. तरी यंत्रांसंबंधीचे त्यांचे तपशील इतके नेमके आहेत की ते कल्पनेने रचलेले वाटत नाहीत.

१८०२ मध्ये जॉर्जने फॅनी हेंडरसनशी लग्न केले. १६ ऑक्टोबर १८०३ रोजी मुलगा रॉबर्ट जन्मला. जॉर्ज तेव्हा ब्रेक्समन होता, म्हणजे माणसे आणि कोळसा खाणीतून वर खेचणाऱ्या इंजिनाचा चालक. मिळकतीला जोड म्हणून तो जोडे शिवत आणि घड्याळे दुरुस्त करीत असे. घरच्या धुराड्याला आग लागली, ती विझवताना काजळी आणि पाण्याने भिंतीवरचे घड्याळ बंद पडले. कारागिराला देण्यापेक्षा त्याने ते स्वतःच उघडले आणि चालू केले. तेव्हापासून शेजारीपाजारी आपली घड्याळे त्याच्याकडे आणू लागले, अशी कथा आहे.

१८०४ साली कुटुंब किलिंगवर्थच्या वेस्ट मूर खाणीवर राहायला गेले. पुढची चार वर्षे विलक्षण हालाची ठरली. मुलगी जन्मून काही आठवड्यांत वारली. १८०६ मध्ये फॅनी क्षयाने गेली. लहानग्या रॉबर्टला मागे ठेवून जॉर्ज स्कॉटलंडमधील माँट्रोझ येथे एका कारखान्याचे इंजिन सांभाळायला गेला. तिथल्या पंपात वाळू जाऊन तो वारंवार अडत असे. जॉर्जने पंपाच्या तोंडाभोवती लाकडी पेटी बसवली. वाळू बाहेर राहिली आणि वर येणारे पाणी आत जाऊ लागले. दुरुस्ती साधी होती, पण दर खेपेला पंप उपसून साफ करण्यापेक्षा वाळू येतेच का, असा प्रश्न आधी कुणाला तरी पडावा लागतो.

तो परतला तेव्हा वडील आंधळे झाले होते. इंजिनाच्या आत शिरून दुरुस्ती करीत असताना एका सहकाऱ्याने नकळत वाफ सोडली आणि ती थेट त्यांच्या चेहऱ्यावर आली. यंत्र दुरुस्तीला घेतले की त्याचा वीजपुरवठा किंवा वाफ बंद करून कुलूप घालायचे आणि फलक लावायचा, हा नियम आज कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवला जातो. त्या काळी असा नियम नव्हता आणि नुकसानभरपाईही नव्हती. जॉर्जजवळ २८ पौंड साठले होते. त्यांतले १५ वडिलांची देणी फेडण्यात गेले. नेपोलियनशी चाललेल्या युद्धासाठी सैन्यात त्याचे नाव निघाले, तेव्हा बदली माणूस देण्यासाठी उरलेले पैसेही संपले. अमेरिकेला निघून जाण्याचा विचार त्याच्या मनात होता. तिकिटाला पैसे नव्हते म्हणून तो राहिला.

वेस्ट मूरला दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने इंजिन चालवण्याचे काम ठेक्याने घेतले. इतर खाणींत तीन महिने टिकणारे दोर येथे महिन्याभरात झिजतात, हे त्याच्या लक्षात आले. दोर बदलत राहणे ही तिथली रीतच पडली होती. त्याने कप्प्यांची मांडणी तपासली, दोर कुठे घासतो ते हेरले आणि वरिष्ठांची परवानगी काढून कप्प्यांच्या जागा बदलल्या. झीज पुष्कळ कमी झाली. माँट्रोझच्या वाळूत आणि वेस्ट मूरच्या दोरात दृष्टी एकच आहे. भाग तुटला की नवा बसवणारे पुष्कळ असतात. जॉर्ज तो पुन्हापुन्हा का तुटतो हे शोधीत असे.

मग १८११ मध्ये ती संधी आली. किलिंगवर्थला हाय पिट नावाची नवी खाण खणली जात होती. तिच्यावर बसवलेले उपशाचे इंजिन सुमारे वर्षभर चालवूनही पाणी हटेना. आसपासच्या साऱ्या जाणत्या मेकॅनिकांनी हात टेकले. जॉर्ज अधूनमधून जाऊन ते यंत्र पाहत असे. आठवड्याच्या आत माणसे तळाशी उतरवून देईन, असे त्याने कुणाजवळ तरी म्हटले आणि ते खाणीचे प्रमुख राल्फ डॉड्स यांच्या कानावर गेले. डॉड्सपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. जॉर्जने एकच अट घातली: कामाला माणसे मी निवडीन. जुन्या मेकॅनिकांना ही अट झोंबली असणार, पण ती शहाणपणाची होती. ज्यांना आपण हरलो हे सिद्ध व्हायला नको असते, त्यांना हाताशी घेऊन बिघाड निघत नाही.

इंजिन पूर्ण उतरवण्यात आले. दोष फवाऱ्यात होता. थंड पाणी पुरेशा जोराने आणि पुरेशा प्रमाणात सिलिंडरमध्ये येत नव्हते, त्यामुळे वाफ पुरती निवत नव्हती आणि पोकळी अर्धवट राहत होती. जॉर्जने पाण्याची टाकी दहा फूट उंच चढवली, फवाऱ्याची तोटी जवळजवळ दुप्पट मोठी केली. बॉयलर अधिक दाब सोसू शकेल अशी खात्री करून घेऊन वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५ पौंडांवरून १० पौंडांवर नेला. हे त्या काळच्या प्रचलित नियमांविरुद्ध होते. तीन दिवसांत काम उरकले. बुधवारी इंजिन सुरू झाले तेव्हा ते इतके हिसके देऊ लागले की इमारत कोसळते की काय, असे डॉड्सना वाटले. पाणी जसजसे खाली गेले तसतसा यंत्रावर भार आला आणि ते लयीत चालू लागले. शुक्रवारी दुपारी माणसे तळाशी पोहोचली होती. बक्षीस म्हणून जॉर्जला दहा पौंड मिळाले. पुढे आसपासच्या खाणींतून धापा टाकणाऱ्या जुन्या इंजिनांसाठी त्याला बोलावणी येऊ लागली; लोक त्याला इंजिनांचा वैद्य म्हणू लागले.

१८१२ मध्ये किलिंगवर्थचा मुख्य मेकॅनिक अपघातात मरण पावला आणि ती जागा वर्षाला १०० पौंड पगारावर जॉर्जला मिळाली. खाणींच्या मालकांच्या बलाढ्य संघाची सारी यंत्रे आता त्याच्या देखरेखीखाली आली. फिरतीसाठी घोडा मिळाला. मुलगा रॉबर्ट न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत जाऊ लागला. तिथल्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या ग्रंथालयातून तो पुस्तके आणी आणि रात्री बापाला वाचून दाखवी. दोघांनी मिळून बनवलेली सूर्यघटिका घराच्या दारावर बसवली. तिच्यावर ११ ऑगस्ट १८१६ ही तारीख कोरलेली आहे.

याच नोकरीत असताना, खाणीच्याच कारखान्यात त्याने पहिले रेल्वे इंजिन बांधले. प्रशियाच्या सेनापतीवरून त्याला ब्लूखर हे नाव पडले. २५ जुलै १८१४ रोजी त्याने ३० टनांच्या आठ वाघिणी चढावर ताशी चार मैल वेगाने ओढल्या. या इंजिनात दोष भरपूर होते. पण ते बनवणारा आणि राखणारा माणूस एकच असल्याने दोष रोज नजरेखाली राहत व पुढच्या इंजिनात निघून जात. रूळ तुटतात म्हणून त्याने विल्यम लॉश या उद्योजकाबरोबर बिडाच्या सुधारित रुळांचे पेटंट घेतले. मात्र स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गासाठी रूळ निवडायची वेळ आली, तेव्हा घडीव लोखंडाचे रूळ अधिक टिकतात असा निर्वाळा त्याने दिला. आपल्याच पेटंटच्या उत्पन्नावर त्याने पाणी सोडले आणि लॉशची मैत्रीही कायमची गमावली.

त्याला सर्वांत खोल लागलेला घाव मात्र रेल्वेचा नव्हता. खाणीत साचणाऱ्या ज्वालाग्राही वायूला उघड्या दिव्याची ज्योत लागली की स्फोट होई. १८१२ साली फेलिंगच्या खाणीत अशा स्फोटात ९२ जण दगावले होते. बारीक छिद्रांतून ज्योत बाहेर पसरत नाही, हे जॉर्जने प्रयोगांतून ताडले आणि तसा दिवा करवून घेतला. २१ ऑक्टोबर १८१५ रोजी किलिंगवर्थच्या खाणीत, जिथे भेगेतून वायू फुसफुसत बाहेर येत होता अशा जागी, तो पेटता दिवा हातात धरून एकटा पुढे गेला. बरोबरचे लोक मागे थांबले होते. त्याच सुमारास लंडनमध्ये सर हम्फ्री डेव्ही हे विख्यात रसायनशास्त्रज्ञ याच प्रश्नावर काम करीत होते. त्यांनी आपले काम नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. डेव्हींना सुमारे २००० पौंडांचा गौरव लाभला, जॉर्जला १०० गिनी. वर, एका अशिक्षित मेकॅनिकला हे सुचणे शक्यच नाही, त्याने कल्पना चोरली असली पाहिजे, असा आरोप झाला. न्यूकॅसलकर खवळले. त्यांनी वर्गणी काढून १००० पौंड जॉर्जला दिले. १८३३ मध्ये पार्लमेंटच्या समितीने शोधावर त्याचाही तितकाच हक्क असल्याचे मान्य केले. डेव्हींचे संशोधन स्वतंत्र होते हेही तितकेच खरे आहे. पण त्यांनी जॉर्जवर अखेरपर्यंत विश्वास ठेवला नाही, आणि जॉर्ज लंडनच्या शिकलेल्या तज्ज्ञांकडे जन्मभर संशयाने पाहत राहिला. हा संशय पुढे त्याच्या स्वभावातला दोषच ठरला; स्वतःच्या हुशार शिष्यांशीही त्याचे पटेनासे झाले.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या विधेयकावरील चौकशीत विरोधी वकिलाने त्याची भंबेरी उडवली. सर्वेक्षणातील उंचीची मापे चुकली होती. ती सहायकांनी घेतली होती आणि जॉर्जने तपासली नव्हती. इंजिनाचा एकेक खिळा स्वतः पाहणारा माणूस कागदावरच्या आकड्यांत फसला. विधेयक बारगळले, त्याला दूर करण्यात आले आणि वर्षभराने पुन्हा बोलावले गेले.

ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची स्पर्धा झाली. 'रॉकेट'चे श्रेय मुख्यतः मुलगा रॉबर्टचे आणि बॉयलरमध्ये अनेक नळ्या घालण्याची कल्पना देणाऱ्या हेन्री बूथचे. लोकांना त्याचा ताशी ३० मैलांच्या घरातला वेग आठवतो. स्पर्धेची कसोटी मात्र टिकाऊपणाची होती: ठरलेला भार ओढत त्याच पट्ट्यावर पुन्हापुन्हा फेऱ्या करून सुमारे ७० मैल पुरे करायचे होते. 'नॉव्हेल्टी' अधिक देखणे होते, पण त्याचे नळ आणि सांधे निकामी झाले. 'सान्स परेल'चा सिलिंडर तडकला. 'रॉकेट' तेवढे न बिघडता अखेरपर्यंत चालले आणि ५०० पौंडांचे बक्षीस त्याला मिळाले.

१८४७ मध्ये बर्मिंगहॅमला यांत्रिक अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. पहिले अध्यक्षपद जॉर्जकडे आले. सरदारकी त्याने नाकारली होती. चेस्टरफील्डजवळच्या टॅप्टन हाऊसमध्ये उतारवयात तो बागेत रमला. काकड्या वाकड्या वाढतात हेही त्याला खपेना. काचेच्या नळ्या करवून त्यांत तो त्या सरळ वाढवी. १२ ऑगस्ट १८४८ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी तेथेच त्याचे निधन झाले.

पाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन होते, आणि भोर घाटाचे अवघड काम ज्यांनी उभे केले ते जेम्स बर्कली रॉबर्टच्याच तालमीत तयार झालेले होते. किलिंगवर्थच्या खाणमार्गावरील रुळांमधले अंतर चार फूट आठ इंच होते. जॉर्जने तेच पुढे नेले, लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर त्यात अर्धा इंच वाढला आणि १४३५ मिलिमीटर हे जगातील बहुसंख्य देशांचे प्रमाण ठरले. आपल्या लोकल गाड्या त्याहून रुंद, १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. मुंबई, पुणे आणि नागपूरची मेट्रो मात्र किलिंगवर्थच्या मापावर चालते.